न्यूरोची तारीख येईपर्यंत आईला कोण बघतंय?

उमरेडच्या एका मुलाचा प्रश्न आहे. आई ६१ वर्षांची, नऊ वर्षांपासून डायबिटीस, मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू. गेल्या तीन महिन्यांपासून हातापायांना मुंग्या येतात, बोटं बधिर वाटतात, चालताना तोल जातो. गावातल्या डॉक्टरांनी तपासून तीन आठवडे गोळ्या दिल्या. मग नागपुरात एका फिजिशियनना दाखवलं, त्यांनी ‘न्यूरोला दाखवा’, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा, असं लिहून दिलं. न्यूरोची तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची. त्या दिवशी पहाटेची एसटी पकडून मायलेक पोहोचले, तर डॉक्टर तातडीच्या कामात आणि ओपीडी रद्द. नवी तारीख आणखी तीन आठवड्यांनी, वर ‘येताना एमआरआय काढून आणा’ असा निरोप. मुलगा विचारतो, ‘आता तक्रार करायची, ओळख काढायची, की सरळ दुसरा दवाखाना गाठायचा?’

मी नागपुरात सव्वीस वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतोय. अशा चिठ्ठ्या रोज लिहितो, म्हणजे तुमच्या या रांगेचं एक टोक माझ्यासारख्यांच्या टेबलाशी आहे. तुमचा राग मला पूर्ण पटतो. पण प्रश्न वाचताना मला तारखेपेक्षा दुसरी एक गोष्ट खुपली. या सगळ्या काळात आईला प्रत्यक्ष हात लावून किती वेळा तपासलं? तुमच्या लिहिण्यावरून दोनदा. शेवटचं तपासलं त्याला पाच आठवडे झाले, आणि नवी तारीख धरली तर आठ होतील. एवढे दिवस ती कोणाचीच पेशंट नाही. गावातले डॉक्टर म्हणणार, नागपूरला पाठवलं. फिजिशियन म्हणणार, न्यूरोला पाठवलं. आणि न्यूरोने तिला अजून पाहिलेलंच नाही. तारीख लांबणं वाईटच. पण आईचा हात आठवड्यागणिक बिघडतोय की आहे तसाच आहे, हे बघणारं मधल्या काळात कोणी नाही, ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

एक आधीच सांगतो. मी आईला पाहिलेलं नाही, त्यामुळे आजार कोणता हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पुढे जे लिहितोय त्यातलं किती लागू पडतं ते तिला समोर बसवून तपासणारा डॉक्टरच ठरवेल.

तारखा का लांबतात ते थोडक्यात. न्यूरोफिजिशियन व्हायला एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन आणि डीएमची तीन लागतात. मेंदू-मज्जातंतूंचे असे डॉक्टर आपल्या भागात आहेत ते बहुतेक नागपुरातच, आणि नागपुरात येणारा पेशंट फक्त नागपूरचा नसतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ, शिवाय छिंदवाडा, शिवनी, बालाघाट. सकाळी मेडिकलच्या किंवा मेयोच्या, म्हणजे इथल्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या, फाटकाशी उभे राहा, रात्रभराचा प्रवास करून आलेली, पन्नीत रिपोर्ट गुंडाळून छातीशी धरलेली माणसं दिसतील. त्यात ज्याला खरंच थांबता येईल तोही असतो आणि ज्याला आठवडाही थांबता येणार नाही तोही असतो. काउंटरवरच्या मुलीकडे मात्र दोघांसाठी एकच रजिस्टर असतं. त्यातून तिला निवड करता येत नाही, तिचं ते कामही नाही. ती निवड पाठवणाऱ्या डॉक्टरच्या कागदावरून व्हायला हवी, आणि आपल्याकडे बिनसतं ते तिथेच.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. नागपुरातल्या महाल भागातले एक शिंपीकाका माझ्याकडे यायचे. एकदा म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, सुईत धागाच ओवल्या जात नाही जी.’ मी आधी चष्म्याचा नंबर बघून घ्या म्हटलं. नंबर ठीक निघाला. मान दुखते, बोटं बधिर होतात, असंही ते सांगत होते, म्हणून मी चिठ्ठी लिहिली: ‘मानेचं दुखणं, हात बधिर. कृपया मत द्यावे.’ सही, शिक्का. दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. मधे ते एकदा बायकोच्या खोकल्यासाठी येऊन गेले. समोर उभे होते, आणि मी हाताचं विचारलं नाही. माझ्या डोक्यात ते ‘पाठवलेले’ पेशंट होते. तारीख आली तेव्हा त्यांना स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नव्हती आणि लघवीला धावत जावं लागत होतं. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला गेला होता. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण या आजारात ऑपरेशन मुख्यतः पुढची घसरण थांबवतं, गेलेलं सगळं परत देईलच असं नाही. काका आज मापं घेतात, मशीन मुलगा चालवतो.

त्या चिठ्ठीत एकही शब्द खोटा नव्हता. पण ती वाचून कोणालाही वाटलं असतं, मान दुखतेय, थांबेल महिनाभर. बोटांची कारागिरी गेली आहे, ती तीन महिन्यांत गेली आहे आणि दर पंधरवड्याला वाढते आहे, हे त्यात कुठेच नव्हतं. तज्ज्ञाच्या दृष्टीने तातडी त्या तीन गोष्टींत होती.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत याबद्दल स्पष्ट नियम आहे: पेशंट तज्ज्ञाकडे पाठवताना त्याच्या आजाराचा सारांश सोबत द्यावा, आणि तज्ज्ञाने आपलं मत पाठवणाऱ्या डॉक्टरला लेखी कळवावं. म्हणजे नीट चिठ्ठी मागताना तुम्ही कोणाकडे मेहरबानी मागत नाही. तेव्हा पहिलं काम हे करा. ज्या फिजिशियननी पाठवलं त्यांच्याकडे याच आठवड्यात आईला परत घेऊन जा, पुन्हा तपासायला सांगा आणि नवी चिठ्ठी मागा. फोनवर नको, आईला समोर बसवून. उमरेडहून पुन्हा एक फेरी पडेल, ठाऊक आहे. पण तीन आठवडे नुसतं बसून राहण्यापेक्षा ही फेरी उपयोगाची आहे. ते भेटले नाहीत तर गावातल्या डॉक्टरांनी तपासून लिहिलेलंही चालेल.

मी अशी चिठ्ठी इंग्रजीत लिहितो, पण मराठीत तिचा मजकूर साधारण असा असतो: ‘वय ६१, नऊ वर्षं मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. तीन महिन्यांपासून दोन्ही हात-पाय बधिर, एक महिन्यापासून चालताना आधार लागतो. पंधरा दिवसांपूर्वी स्वतः वेणी घालत होत्या, आता जमत नाही. लघवीची तक्रार नाही. तपासणीत गुडघ्याचे झटके (हातोडीने ठोकल्यावर पाय उडतो ते) वाढलेले, डोळे मिटल्यावर तोल जातो. शंका: मानेत मज्जारज्जूवर दाब, किंवा बी-१२ ची कमतरता. प्रश्न: मानेचा एमआरआय आधी करावा का? दोन आठवड्यांच्या आत पाहावे ही विनंती. माझा मोबाइल नंबर खाली आहे.’ यातले तपशील मी नमुन्यादाखल घातलेत, तुमच्या आईचे तिचेच असतील. पण काय काय असतं ते बघा: केव्हापासून, किती वेगाने, काय करता येत होतं आणि आता येत नाही, तपासणीत काय सापडलं, आणि नेमका प्रश्न काय. अशी चिठ्ठी घेऊन गेलेल्या माझ्या पेशंटांच्या तारखा अनेकदा अलीकडे आल्या आहेत. दरवेळी नाही, पण अनेकदा.

‘काय करता येत होतं’ हा भाग डॉक्टरला आपोआप कळत नाही, तो घरच्यांनीच सांगायचा असतो. आणि ‘अशक्तपणा वाटतो’ एवढ्यावर कोणाला काही समजत नाही. आईला असं विचारा. चालताना पायातली चप्पल निघून मागे राहते आणि तिला कळतच नाही, असं होतं का? तोंड धुताना डोळ्यांना साबण लागला, डोळे मिटले, की तोल जातो का? भाकरी थापताना काठ फाटतो का, ब्लाउजचे हुक लागतात का, भाजी निवडताना बोटांत काडी धरली जाते का? अंधारात मोरीकडे जाताना भिंत धरावी लागते का? ही उत्तरं तारखेसह एका वहीत लिहा. आणखी एक सोपी गोष्ट घरी करता येते. दहा सेकंदांत मूठ पूर्ण उघडायची आणि पूर्ण मिटायची, भरभर. धडधाकट माणसाची साधारण वीस वेळा होते. आईची किती होते ते आज मोजा आणि दर रविवारी मोजा. सांधे दुखत असतील तर आकडा तसाही कमी येईल, त्यामुळे एका आकड्यावरून घाबरू नका. पण सतरा, मग चौदा, मग अकरा अशी उतरण दिसली तर वही घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता बी-१२ चं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं, आणि आई शाकाहारी असेल तर शक्यता आणखी वाढते. बी-१२ फार कमी झालं तर मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, सगळं होऊ शकतं. हे वेळेत सापडलं तर उपचार स्वस्त आहे, उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. यासाठी न्यूरोच्या तारखेची वाट बघायची काहीच गरज नाही. बी-१२, एचबीए१सी, थायरॉइड आणि सीबीसी या रक्ताच्या तपासण्या कुठलाही डॉक्टर लिहून देऊ शकतो. माझी एकच कळकळीची विनंती: नमुना आधी, सुई नंतर. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की ताकदीची लाल सुई टोचायची पद्धत आहे. ती टोचल्यावर रक्तातलं बी-१२ भरपूर दिसतं, आणि मग खरी कमतरता होती की नव्हती हे कळायचा सोपा मार्ग बंद होतो. सुई आधीच दिली असेल तर ते लपवू नका, तारखेसकट चिठ्ठीत लिहायला सांगा. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही मनाने सुरू करू नका. त्यांनी रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. आणि हे सगळं वाचून मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नका.

एमआरआयबद्दल मला जरा आग्रहाने बोलायचंय, कारण यात लोकांचे पैसे आणि आठवडे दोन्ही जातात. ‘एमआरआय काढून आणा’ या निरोपात एक शब्द राहिलाय: कशाचा? पाय लटपटतात म्हणून कंबरेचा एमआरआय काढून आलेले कितीतरी लोक मी पाहिलेत. कंबरेत वयाप्रमाणे चकती सरकलेली दिसते, सगळे तिच्यामागे लागतात, आणि दुखणं बसलेलं असतं मानेत. मज्जारज्जू मानेतून खाली जातो, त्यामुळे दाब मानेत असला तरी चाल बिघडते. हात आणि पाय दोन्ही बिघडलेत तेव्हा मानेचा विचार आधी करावा लागतो. पण मधुमेहाच्या नसांचा त्रास असेल तर एमआरआयपेक्षा नसांची तपासणी, जिला एनसीव्ही म्हणतात, ती जास्त उपयोगाची ठरते. म्हणून तपासलेल्या डॉक्टरने कुठला भाग ते कागदावर लिहिल्याशिवाय एमआरआयला जाऊ नका.

दुसऱ्या दवाखान्यात जावं का? पैशांची स्थिती आणि उमरेड-नागपूर फेऱ्या किती झेपतात यावर ते अवलंबून आहे. पण बहुतेकांना माहीत नसलेली एक वाट सांगतो. ‘न्यूरो’ हा शब्द कानावर पडला की लोक थेट न्यूरोच्याच दाराशी जातात. त्याऐवजी मेडिकल किंवा मेयोत मेडिसिनच्या ओपीडीतून आत शिरा. ती सुट्टीचे दिवस सोडून रोज असते. तिथले डॉक्टर आईला तपासतील, रक्ताच्या तपासण्या सुरू करतील, आणि गरज वाटली तर स्वतःच्या शिक्क्याने सुपर स्पेशालिटीला, म्हणजे न्यूरोसारखे विशेष विभाग असलेल्या सरकारी रुग्णालयाला, पाठवतील. आतून गेलेल्या कागदाला वजन असतं. फक्त एक लक्षात ठेवा. तिथे वारागणिक युनिट बदलतं. मंगळवारी दाखवलं असेल तर पुढच्या वेळीही मंगळवारीच जा, म्हणजे तीच टीम भेटते आणि कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही. सुपर स्पेशालिटीतही प्रत्येक विभागाचे वार ठरलेले असतात. ते आधी विचारून मगच एसटीत बसा. मिहानच्या एम्समध्ये ऑनलाइन नोंदणी करून दिवस घेता येतो, तुमच्यासारख्या बाहेरगावच्यांना ते सोयीचं आहे. घरबसल्या सरकारी डॉक्टरांशी बोलायला ई-संजीवनी आहे. तिथे रिपोर्ट दाखवून सल्ला मिळेल, पण झटके आणि तोल फोनवर तपासता येत नाहीत, त्यामुळे आईच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका.

दोन तारखा हातात ठेवायला हरकत नाही. एकीकडे आईला पाहिलं की दुसरीकडची तारीख फोन करून सोडा, ती कोणाच्या तरी आईला मिळेल. खासगीत जिथे नाव लागलंय तिथे सांगून ठेवा, ‘कोणी रद्द केलं तर आम्हाला कळवा, दोन तासांत पोहोचतो.’ आई चार दिवस नागपुरात मावशी-आत्याकडे राहू शकत असेल तर हे आणखी सोपं जातं.

ओळखीचं विचारलंत. नगरसेवकाचा फोन, कोणाच्या साडूचा फोन, याने नंबर पुढे सरकतो तेव्हा कोणाचा तरी मागे जातो, आणि तो मागे गेलेला माणूस कदाचित जास्त आजारी असतो. म्हणून ती वाट मी कोणाला सांगत नाही. पण तुमच्या डॉक्टरने तज्ज्ञाला फोन करून ‘या बाईंचं चालणं महिन्याभरात बिघडलंय, जरा लवकर बघता का’ असं विचारणं म्हणजे वशिला लावणं नाही. ते आमचं कामच आहे. मी आठवड्यातून दोन-तीन असे फोन करतो. तुमच्या फिजिशियनना हे मोकळेपणाने सांगा, संकोच करू नका.

तक्रार जरूर करा, पण काउंटरवर भांडून नाही. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज: अमुक तारखेची ओपीडी रद्द झाली, बाहेरगावचा पेशंट, आधी कळवलं नाही, रद्द झालेल्यांना पुढच्या ओपीडीत आधी घ्यावं. पोच घ्या. कामाचे कागद मूळ कधी देऊ नका, झेरॉक्स द्या. पुढे ऑपरेशनची वेळ आलीच तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. भरती होऊन बिल भरल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

आणि हे सगळं थांबायला वेळ आहे असं धरून लिहिलंय. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, पायांतली ताकद दिवसागणिक उतरायला लागली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला, तर तारीख, चिठ्ठी, वही सगळं बाजूला ठेवा आणि १०८ लावून मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात अचानक गळाला, बोलणं अडखळलं, तर ते दुसरंच दुखणं आहे. लकव्याची गुठळी विरघळवणारी सुई साधारण साडेचार तासांच्या आत द्यावी लागते, तेव्हा घरी मालीश करत बसू नका. तातडीच्या पेशंटला प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात ते सांगितलंय. दारात कोणी ‘आधी तारीख घ्या’ म्हणालं तर शांतपणे म्हणा, ‘हे ओपीडीचं नाही, लघवी बंद झालीय, आत्ता तपासा.’ लक्षणाचं नाव घेतलं की ऐकतात.

शिंपीकाकांनंतर मी एक वही ठेवलीय. ज्याला तज्ज्ञाकडे पाठवलं त्याचं नाव, तारीख कधीची, आणि मधे कशावर लक्ष ठेवायचं. शनिवारी दुपारी दवाखान्यातली सिस्टर त्यातल्या प्रत्येकाला फोन लावते. बहुतेक वेळा ‘आहे तसंच आहे’ असं उत्तर येतं. अधूनमधून एखादा म्हणतो, ‘कालपासून जिना चढल्या जात नाही,’ आणि मग मी तज्ज्ञाला फोन करतो. तुमच्या गावातल्या डॉक्टरांना विचारा, दर आठवड्याला आईला पाच मिनिटं बघाल का? तोल, मूठ, झटके, लघवी, एवढंच. ते बहुतेक हो म्हणतील. त्यांना आजवर कोणी असं विचारलं नसेल.

आज रात्री जेवण झाल्यावर आईजवळ बसा आणि चप्पल, साबण, हुक, लघवी या चार गोष्टी विचारा. मोठ्या मुलाशी लघवीचं बोलायला ती लाजेल, तर ते सुनेला किंवा बहिणीला विचारू द्या. उत्तरं इथे लिहा, आईचं नाव न देता. रक्ताचे रिपोर्ट आले की तेही लिहा. मी बघतो.